नाव नसलेलं बटन

बार्शीच्या बाजारपेठेत पशुखाद्याच्या दुकानावर रेवतीचा स्टुडिओ होता. खाली सरकी पेंड, वर संगीत. पेंडीच्या धुळीमुळे गाणारी मंडळी जिना चढता चढता शिंकायची, आणि माणूस वर पोहोचायच्या आत कोण आलंय ते रेवतीला शिंकेवरून कळायचं. ती जन्मांध होती. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाचं गाणं असो, साडीच्या दुकानाची जाहिरात असो की एखाद्या हौशी बाईंच्या भक्तिगीतांचा संच, आसपासच्या तालुक्यांतली माणसं रेकॉर्डिंगला तिच्याकडेच यायची. असं स्वच्छ मिक्सिंग पुण्यातही होत नाही, असं म्हणायची पद्धत होती. पुण्याला जाऊन कुणी खात्री केली नव्हती.

काम सगळं कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर चालायचा स्क्रीन रीडरवर. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. रेवती त्याला इतक्या वेगानं बोलायला लावायची की शेजारी बसलेल्याला कढईत फुटाणे उडतायत असं वाटावं. तिला त्यातला शब्द न् शब्द कळायचा. अडचण एकच होती. ज्याला नाव आहे तेच स्क्रीन रीडर वाचू शकतो. आणि संगीताचं सॉफ्टवेअर बनवणारे लोक बटनाचं चित्र झकास काढायचे, त्याला सावली द्यायचे, चकाकी द्यायचे, आणि आतल्या बाजूला त्याचं नाव लिहायचं तेवढं विसरायचे. मग स्क्रीन रीडर तिथे पोहोचला की म्हणायचा, 'बटन.' पुढचं? 'बटन.' त्याच्या पुढचं? 'बटन.'

अशाच एका बटनांच्या रांगेत अडकून पडल्यावर रेवती एकदा जिन्याच्या तोंडाशी आली आणि डोळे असलेलं कुणी मोकळं आहे का, असं तिनं खाली विचारलं. दुकानाचे मालक दिगंबर ढोबळे हात झटकत स्वतःच वर आले. त्यांना सा आणि रे यातला फरक कळत नव्हता. अजूनही कळत नाही. पण नजर चांगली होती आणि घाई कशाचीच नव्हती. त्यांनी पडद्याकडे पाहून सांगितलं, की एक गोल आहे आणि त्यात एक काटा आहे. काटा कुठे आहे, असं रेवतीनं विचारलं. दिगंबररावांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, घड्याळात दहा वाजल्यासारखा.

तोवर रेवतीला पडदा वाचून दाखवणारे पुष्कळ भेटले होते. ते 'इकडे' म्हणायचे, 'तिकडे' म्हणायचे, काही जण 'हे बघा, असं' म्हणायचे. घड्याळ सांगणारा हा पहिलाच. तिनं त्यांना दुपारभर उठू दिलं नाही. खाली एका गिऱ्हाइकानं आपलं पोतं आपणच वजन करून नेलं.

मग ते रोजचंच झालं आणि यथावकाश लग्न झालं. दिगंबररावांची खुर्ची रेवतीच्या डाव्या हाताला कायमची ठरून गेली. आवाजातला जाड-बारीकपणा ठरवणारी जी वळणदार रेघ पडद्यावर असते, तिला ते 'मिशी' म्हणायचे. त्यामुळे स्टुडिओत 'मिशी उजवीकडे जरा उचला' अशी वाक्यं ऐकू यायची आणि नवे गायक नकळत ओठावरून हात फिरवायचे.

असं सगळं छान चाललेलं असताना सॉफ्टवेअर कंपनीनं नवी आवृत्ती आणली. तिच्यात बटनंच नव्हती. टेबलावर हवेत एक काचेसारखं चित्र तरंगायचं, त्यात रंगीत गोळे पोहत असायचे आणि हाताच्या इशाऱ्यानं ते ढकलायचे. दिगंबरराव म्हणाले, हे माशांच्या टाकीसारखं आहे. एक गोळा कुठे आहे ते त्यांनी सांगेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असायचा. स्क्रीन रीडरनं ही आवृत्ती उघडली, 'चित्र' एवढा एकच शब्द उच्चारला आणि तो कायमचा गप्प झाला. जुनी आवृत्ती वर्षभरात बंद होणार होती. जगभरातल्या अंध संगीतकारांनी आरडाओरडा केला, आणि त्या आरडाओरड्यातून 'ओळख' जन्माला आली.

ओळख म्हणजे दिसायला साधा चष्मा. दांड्यांमध्ये दोन बारीक कॅमेरे आणि कानात एक शांत बायकी आवाज. तिची युक्ती अशी, की ती कुठल्याही सॉफ्टवेअरला नाव विचारायला जात नसे. एखादी अनोळखी वस्तू दिसली की ती वस्तू काय करते ते ती तपासायची. गोळा केसभर हलवायची, कानाला पत्ताही लागणार नाही इतका, आणि हलवण्याआधीचा आवाज व नंतरचा आवाज आकड्यांनी ताडून पाहायची. स्वर लांबत गेला तर तो गोळा घुमाऱ्याचा, म्हणजे आवाज घुमवणारा. वरची पट्टी बोथट झाली तर तो बारीक आवाजाचा. नव्या घरात गेल्यावर कुठल्या बटनावर कुठला पंखा लागतो ते आपण दाबून शोधतो, तसंच हे, फक्त क्षणात हजार वेळा.

नाव नसलेल्या वस्तूचं ती दर वेळी नव्यानं वर्णन करायची, कारण तिची स्वतःची खात्री नसायची. 'नाव नाही. निळा गोळा, वर चालला आहे, बहुधा घुमारा.' आपण त्याला 'घुमारा' असं नाव दिलं की पुढच्या वेळेपासून ती फक्त 'घुमारा' म्हणायची, फार तर तो कुठे आहे ते. वर्णन बंद. नाहीतर कानात दिवसभर निबंधवाचन चाललं असतं. आणि आपण दिलेलं नाव एका सामायिक कोशात जायचं, म्हणजे दुसऱ्या गावातल्या अंध वादकाला तीच मेहनत पुन्हा करायला नको. कोचीतल्या एखाद्या बाईनं सकाळी एका गोळ्याला नाव दिलं की दुपारी ते बार्शीत ऐकू यायचं. बऱ्याच लोकांनी वापरलं की ते नाव पक्कं व्हायचं.

रेवतीला पहिल्या आठवड्यात आपल्याला पंख फुटल्यासारखं वाटलं. जे काम दोघांना दिवसभर पुरायचं ते ती एकटी जेवणाआधी उरकू लागली.

दिगंबररावांचं मात्र काम गेलं. ते सवयीनं वर येऊन आपल्या खुर्चीवर बसायचे आणि काही वाचायला तोंड उघडायचे, तर रेवती हात वर करून म्हणायची, सांगितलं तिनं. काही दिवस त्यांनी बसून पाहिलं. मग ते चहापुरते येऊ लागले. दुकानातली पोती इतकी वर्षं वाटेल तशी पडलेली असायची, ती आता कंपनीप्रमाणे, वजनाप्रमाणे आणि रंगाप्रमाणे लागली. गिऱ्हाइकं चकित झाली.

ओळखीला स्टुडिओच्या भिंती माहीत नव्हत्या. ती जिन्यावर, रस्त्यात, भाजीबाजारातही तितक्याच उत्साहानं बोलायची. माणसांच्या बाबतीत कंपनीनं कायद्याला धरून काळजी घेतली होती. माणसाचं फक्त साधं नाव नोंदवता यायचं, आणि ते आपल्याच चष्म्यात राहायचं. रेवतीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माणूस कोण आहे ते तिला शिंकेवरून कळत होतंच. तिला हवं होतं ते हे, की अमुक गायक आला तर माइक किती लांब ठेवायचा. शोधता शोधता तिला सापडलं, की गायकाची नोंद 'माणूस' म्हणून न करता 'वाद्य' म्हणून केली तर नावाऐवजी शेराही लिहिता येतो. तिला ते चुकीचंही वाटलं नाही. गळा हे वाद्यच. वाद्यांच्या नोंदी कोशात जातात, हे अटींमध्ये लिहिलेलं होतं. पण अटी वाचून दाखवायला ओळख पाऊण तास घेणार होती, आणि रेवतीनं त्या आपण सगळे करतो तशा ऐकायच्या आधीच मान्य केल्या होत्या.

पहिली नोंद शालिनीताई बुरांडे यांची. ताई गावातल्या मोठ्या पतसंस्थेच्या अध्यक्ष, रेवतीच्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात निष्ठावान गायिका. भक्तिगीतं गायच्या. मन लावून गायच्या, शब्द स्वच्छ, भाव खरा. फक्त सूर जिथे आहे तिथे त्या पोहोचायच्या नाहीत. पायरी चढताना पाय अर्धा इंच कमी उचलावा, तसं. तो अर्धा इंच रेवती सॉफ्टवेअरनं गुपचूप भरून काढायची. तिनं नोंद केली, 'कायम थोडी खाली.'

त्यानंतर तिला चटकच लागली. तबलजी झाला 'वेळेवर येतो, लयीत नाही'. शेजारच्या काकू, ज्या समोरच्याचं वाक्य पुन्हा म्हटल्याशिवाय उत्तर देत नाहीत, त्या 'प्रतिध्वनी'. नगरसेवक 'नुसता घुमारा'. कोपऱ्यावरचा रिक्षावाला 'पहिल्या गिअरमध्ये गातो'. दिगंबररावांच्या थोरल्या भावाला तिनं 'आवाज कमी करायची सोय नाही' असं नाव दिलं. रस्त्यानं जाताना कानात एकेक नाव पडायचं आणि ती गालातल्या गालात हसायची. आपलं हे खाजगी करमणुकीचं केंद्र आहे, अशी तिची समजूत होती.

नाव मिळालं नाही ते फक्त दिगंबररावांना. आधी ते राहून गेलं. मग एका दुपारी ती काम करत असताना ओळख म्हणाली, 'नाव नाही. पुरुष, करडा शर्ट, हातात दोन कप. दारात थांबला आहे. तुमच्याकडे पाहतो आहे.'

रेवती तशीच बसून राहिली.

'अजून पाहतो आहे,' ओळख म्हणाली.

मग दिगंबरराव खाकरले आणि नेहमीसारखे म्हणाले, "चहा."

इतक्या वर्षांत रेवतीला वाटत होतं की हा माणूस आला की खाकरतो. खाकरण्याच्या आधी असं काही घडत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या दिवशी तिला त्यांचं नाव लिहावंसं वाटेना. नाव लिहिलं की वर्णन बंद. आणि त्यांना हे सांगणंही शक्य नव्हतं. सांगितलं असतं तर ते लाजून थांबायचे बंद झाले असते.

काम करताना मात्र ती ओळखीचा आवाज खोलीतल्या स्पीकरवर ठेवायची. दिगंबररावांना पुढचं वर्णन नीट लक्ष देऊन ऐकायची सवय नव्हती, यंत्राची बडबड म्हणून ते सोडून द्यायचे. पण पहिले दोन शब्द त्यांच्या कानावर रोज पडायचे. नाव नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दुकानावरच्या खोलीत, हातात चहा घेऊन आलेल्या माणसाला कुणीतरी रोज म्हणायचं, नाव नाही.

अंध संगीतकारांचा वार्षिक मेळावा त्या वर्षी बार्शीत भरला. नागपूरचे ऑर्गनवादक सदानंद वासनिक त्याचे प्रमुख. स्वतः अंध, बोलायला मोकळे आणि हसायला त्याहून मोकळे. सभागृह शालिनीताईंच्या पतसंस्थेचं, त्यामुळे प्रमुख पाहुण्या ताईच. महाराष्ट्रभरातून चाळीसएक वादक-गायक आले होते आणि प्रत्येकाच्या नाकावर ओळख होती.

वासनिक रेवतीशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, की तुमच्या गावात नुसतं फिरायलाही मजा येते, आम्ही स्टेशनपासून हसत आलो. रिक्षावाला तर फारच छान. खरंच पहिल्या गिअरमध्ये गातो.

रेवतीच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? कोशात आहे ना, ताई. आणि नावाच्या मागे ती सांगते की. नाव देणार, रेवती ढोबळे, बार्शी."

तेवढ्यात नगरसेवक व्यासपीठावर चढले. त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर सभागृहात हलकी खसखस पिकली. नगरसेवकांनी कॉलर नीट केली. रेवतीनं घाईघाईनं चष्म्याच्या दांडीला बोट लावून शालिनीताईंची नोंद पुसायचा प्रयत्न केला. ओळख अदबीनं म्हणाली, की हे नाव पुष्कळ जणांनी वापरलं आहे, आता ते पक्कं झालं आहे.

शालिनीताई आत आल्या. चाळीस कानांत एकाच क्षणी तेच तीन शब्द पडले आणि सभागृह मनापासून हसलं. कुणी दुष्टपणानं नव्हे, चांगलं नाव ऐकून माणूस हसतो तसं. ताईंना इतकं प्रसन्न स्वागत आयुष्यात कुठल्याही सभेत मिळालं नव्हतं. कर्जदारांच्या मेळाव्यात तर नाहीच. त्या भारावून गेल्या. कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं तरी त्यांनी स्वागतगीत स्वतः गायचं ठरवलं. त्यांनी गायलं, आणि नाव बरोबर असल्याची चाळीस तयार कानांनी जागेवर खात्री करून घेतली. टाळ्या कडकडून पडल्या. ताईंनी दोन्ही हात जोडले. रेवतीला जमीन दुभंगली तर बरं असं वाटत होतं.

तिकडे दिगंबरराव चहाचा ट्रे घेऊन रांगांमधून फिरत होते. त्यांना नाव नव्हतं, म्हणून त्यांचं वर्णन चाळीस चष्मे बारकाईनं करत होते. पहिल्या रांगेतल्या सतारवादकानं कप घेता घेता सांगितलं, की भाऊ, तुमच्या शर्टाचं दुसरं बटन तिसऱ्या काजात गेलंय. दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्यानं सांगितल्यावर दिगंबररावांनी ट्रे खाली ठेवून बटन सारखं केलं, तर चौथा म्हणाला की तुम्ही दमलेले दिसता, बसा थोडं. आयुष्यात त्यांच्या कपड्यांकडे इतकं लक्ष कुणीच दिलं नव्हतं, आणि दिलं ते ज्यांतल्या एकालाही दिसत नव्हतं अशा माणसांनी. शेवटच्या रांगेत साताऱ्याच्या एक वयस्क व्हायोलिनवादक बाई होत्या. त्यांनी कप घेतला आणि हळूच विचारलं, "तुम्ही त्या पहिल्या रांगेतल्या बाईंकडे सारखे बघताय. ओळखीच्या आहेत का?"

"बायको आहे माझी," दिगंबरराव म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. तेही बाईंना लगेच कळलं.

घरी आल्यावर दिगंबरराव कप धूत होते. रेवती आपल्या काळजीत होती. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"पेंडीच्या पोत्यालासुद्धा नाव असतं, रेवती. रिक्षावाल्याला तू नाव दिलंस. माझ्या भावाला दिलंस, आणि बरोबर दिलंस. समोरच्या मांजरालाही दिलंस. मी दिवसातून चार वेळा वर येतो आणि ती बाई म्हणते, नाव नाही. माझं काम गेलं ते गेलं. पण मी तिथे कोण आहे, एवढं तरी."

मग रेवतीला सांगावंच लागलं. दारात थांबणं, पाहणं, खाकरणं, सगळं. नाव दिलं की ते ऐकू येणं बंद होईल, म्हणून दिलं नाही, असं ती म्हणाली. म्हणताना तिचा आवाज जरा चढाच लागला, कारण तिला लाज वाटत होती.

नळ वाहत होता तो दिगंबररावांनी बंद केला. "म्हणजे त्या व्हायोलिनवाल्या बाई बोलल्या ते यंत्रानंच सांगितलं."

"यंत्रानंच."

"रोज सांगतं?"

"रोज."

"अरे देवा," दिगंबरराव म्हणाले, आणि त्यानंतर बरेच दिवस तिला भीती होती तेच झालं. ते वर यायचे आणि ओळख म्हणायची, 'मान खाली. फरशीकडे पाहतो आहे.' रेवती चिडायची. फरशीत काय आहे एवढं, असंही तिनं एकदा विचारलं.

शालिनीताई मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी पेढे घेऊन आल्या. असे जिवंत श्रोते जमवल्याबद्दल त्यांना रेवतीचे आभार मानायचे होते. जिन्यावर शिंक आली तेव्हा रेवती स्पीकरकडे झेपावली, पण टेबल मधे होतं. स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, 'कायम थोडी खाली.'

ताईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"हे मला म्हणाली का?" त्यांनी विचारलं.

रेवतीला खोटं सुचेना. "हो."

"खाली म्हणजे कशाच्या?"

"सुराच्या, ताई."

ताई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी एकेक प्रश्न विचारला, कर्जाच्या अर्जावर विचारतात तसा. कधीपासून? पहिल्या रेकॉर्डिंगपासून. मग कॅसेटवर, मोबाइलवर, मंदिराच्या भोंग्यावर जे गाणं वाजतं ते सुरात कसं? ते मी सुरात आणते. कालचे लोक कशाला हसले? रेवतीनं तेही सांगितलं. मग ताई म्हणाल्या, की मला माझं गाणं ऐकव, तू हात लावायच्या आधीचं.

रेवतीनं लावलं. ताईंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकलं. मधे बंद कर म्हणाल्या नाहीत. संपल्यावर त्यांनी नाक पुसलं. पेंडीमुळे की कशामुळे, ते रेवतीला कळलं नाही.

"बाई बरी गाते गं," त्या म्हणाल्या. "हिला कुणीतरी सांगायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं."

"तू कशी सांगणार. मी सही करते तिथे सगळे वा वा म्हणतात. माझे यजमानसुद्धा." त्यांनी पेढ्यांचा डबा उघडला आणि एक पेढा स्वतःच खाल्ला. "हे यंत्र मला मिळेल का? डोळे आहेत मला, पण चालेल. चुकले की सांगणारं कुणीतरी हवं, आणि ते कर्ज मागणारं नको."

त्यानंतर ताई रोज दुपारी स्टुडिओत येऊन तंबोऱ्यावर सा लावू लागल्या. कानात ओळख 'खाली' म्हणायची, ताई पुन्हा लावायच्या. संचालक मंडळाच्या सभेतही त्या चष्मा लावून बसायच्या आणि मधेच डोळे मिटून 'सा' धरायच्या, त्यामुळे मॅनेजरचं भाषण आखूड झालं. सुधारणा झाली, हळू झाली, पण झाली. मग त्यांनी नाव बदलायची मागणी केली. पक्कं झालेलं नाव बदलायचं तर ज्यांनी जुनं वापरलं त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी नवं मान्य करायला हवं होतं. शालिनीताई हटल्या नाहीत. मेळाव्याच्या एकेका पाहुण्याला त्यांनी स्वतः फोन केला आणि आरोहावरोह गाऊन दाखवला. वासनिकांनी तीन वेळा गायला लावलं. अखेर कोशात नवी नोंद झाली, 'आता बरीच वर.' ताईंनी त्या दिवशी पतसंस्थेत पेढे वाटले आणि कारण कुणालाही सांगितलं नाही.

इकडे दिगंबररावांची मान हळूहळू वर येऊ लागली होती. आधी फरशी, मग टेबलाचा पाय, मग टेबल. मग एके दिवशी ओळख म्हणाली, 'तुमच्याकडे पाहतो आहे. हसतो आहे.' आता त्यांना माहीत होतं की तिला कळतं, म्हणून ते हसत होते. रेवतीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि हातातला गोळा भलतीकडेच ढकलला. दोघांनाही वाटलं, गाडी रुळावर आली.

पण मेळाव्याच्या पाहुण्यांना माणसाची वाद्य म्हणून नोंद करायची रेवतीची युक्ती फार आवडली होती. बार्शीच्या आठवणी निघाल्या की प्रत्येकाला तो दमलेला, चुकीच्या बटनाचा, प्रेमळ माणूस आठवायचा. त्याला नाव नाही, हे त्यांना बरं दिसेना. आधी कुणी सुचवलं ते कळलं नाही, कारण 'नाव देणार' म्हणून सगळ्याच पाहुण्यांची नावं लागली होती.

एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि ओळख म्हणाली, 'चहा.'

रेवतीनं हात पुढे केला. कप आला नाही.

"आज चहा नाही, दूध नासलं," दिगंबरराव म्हणाले. "तेच सांगायला आलो."

'चहा खुर्चीवर बसला आहे,' ओळख म्हणाली.

रेवतीनं नाव पुसायचा प्रयत्न केला. पक्कं झालं होतं. तिनं दुसरं नाव सुचवून पाहिलं, तर कळलं की कुठलंही नाव दिलं तरी वर्णन परत यायचं नाही. एकदा नाव मिळालेली वस्तू पुन्हा बिननावाची करायची सोयच कंपनीनं ठेवली नव्हती. असं कुणाला हवं असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं कंपनीला तक्रार केली. उत्तर तत्पर आणि नम्र होतं. आपल्या वाद्याचं नाव योग्य प्रकारे नोंदवलेलं आहे, त्याच्या आवाजात काही दोष असल्यास कळवावं.

आठवडाभर तिनं ते सोसलं. 'चहा आला.' 'चहा दारात.' दारात काय करतोय, कुणाकडे बघतोय, काही नाही. आठवड्याअखेरीस एका दुपारी तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला, जिन्याच्या तोंडाशी आली आणि खाली हाक मारली. दिगंबरराव गिऱ्हाईक सोडून वर आले. तिनं त्यांना त्यांच्या खुर्चीवर बसवलं.

"ती आता काही सांगत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

"काय सांगू?"

"कसे दिसताय ते."

त्यांनी खाली पाहून शर्टाचा रंग सांगितला, बटनं बरोबर लावल्याचं सांगितलं. इस्त्री केली आहे असंही सांगितलं. रेवतीनं बाहीवरून हात फिरवला आणि ती चूक दुरुस्त करून घेतली.

"आणि चेहरा?"

"चेहरा मला कसा दिसणार, अगं," दिगंबरराव म्हणाले. मग थोडं थांबून ते उठले. न्हाणीघरात खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. ते परत आले, खुर्ची तिच्याजवळ ओढून बसले आणि दाढीचा आरसा त्यांनी गुडघ्यावर उभा धरला. खालून गिऱ्हाइकानं हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. रेवतीनं कोपरानं ढोसलं.

"थांब," ते म्हणाले. "नीट बघू दे. याच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं." आणि मग, अगदी हळू, कपाळापासून त्यांनी वाचायला सुरुवात केली.